खिळ्यावरची वायर

"काढ ती," भावजी म्हणाले.

चाळक्यांच्या पडवीतल्या मोठ्या सॉकेटमधून निघालेली वायर खळ्यातून जाऊन आमच्या गाडीच्या तोंडात शिरली होती. हिरवा दिवा नुकता कुठे लुकलुकायला लागला होता.

"भावजी, परत घाट चढायचाय. थोडा वेळ तरी लागू दे."

"पाहुण्याच्या दारात पाय ठेवला नाही तोवर वीज मागायची? भिकारी समजतील आपल्याला."

"चाळकेकाकूंनीच सॉकेट दाखवला."

"त्यांनी दाखवला, पण तू लावायचा होय? आणि त्या शेठला काय वाटेल? गाडी कराडवरून इथवर आली आणि आल्या आल्या सलाईनवर! कोण घेईल असली गाडी? काढ म्हणतो ना."

जुई माझ्या खांद्यावर झोपली होती. तीन वर्षांची लेक झोपेत दुप्पट जड होते, मला वाकता येईना. मी हलत नाही असं बघून भावजी स्वतःच पुढे आले. माझ्या गाडीच्या वायरीला त्यांना हात लावताना मी तेव्हा पहिल्यांदाच बघितलं. घरी ते तिला 'मिक्सरवर चालणारी गाडी' म्हणायचे आणि तिच्यापासून चार हात लांब राहायचे. आज शेठसमोर चालवून दाखवायची होती म्हणून किल्ली सकाळपासून त्यांच्या खिशात होती.

त्यांनी बटण बंद न करताच पिन ओढली. गाडीच्या तोंडातली चार्जिंगची गन काढली. आणि वायर गुंडाळायला लागले.

मी त्यांच्या हातांकडे बघत राहिले. माझ्या तोंडात एक वाक्य आलं होतं. ते तिथंच थांबलं.

"काय बघतेस?"

"काही नाही," मी म्हटलं. "तुम्ही म्हणाल तसं."

*

ही गाडी म्हणजे सात जणांची विजेवरची व्हॅन. माहेरहून मिळालेलं सोनं मोडून आणि बँकेचं कर्ज काढून मी ती घेतली होती. आमच्या गावापासून कराड तासाभरावर. आसपासच्या वस्त्यांवरची पाच-सहा माणसं डायलिसिसला कराडला जायची. सुर्लीच्या लक्ष्मीकाकू, बनवडीचे मास्तर, एक कॉलेजातली पोरगी. पूर्वी ती जीपनं जायची. डिझेलच्या वासानं काकूंना जाताना उलटी आणि येताना भोवळ. जीपवाल्याला एका फेरीला जेवढं डिझेल लागायचं तेवढ्यात माझी आठवड्याची वीज भागायची, म्हणून भाडं निम्म्यावर आलं. आणि गाडीला आवाज नाही, हिसका नाही. येताना सगळी झोपायची. आरशात बघितलं की वाटायचं, मी पाळणाघर चालवतेय.

चार्जिंग घरीच. पुढच्या भिंतीला मोठा सॉकेट बसवून घेतला होता, अर्थिंग करून. शेजारी एक खिळा, वायर अडकवायला. संध्याकाळी आले की लावायची, सकाळी निघताना काढायची. दिवेलागणीसारखंच झालं होतं ते.

मोठे भावजी, म्हणजे हणमंतराव, माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. मंडप डेकोरेशनचा धंदा. घरात त्यांचा शब्द शेवटचा. सुहास, माझा नवरा, वाईट माणूस नाही; पण दादा बोलायला लागले की तो चपलेचा अंगठा जमिनीत रुतवून उभा राहायचा. गाडी विकायची हे दादांनीच ठरवलं होतं. चिपळूणचे चाळकेशेठ पर्यटकांना फिरवायचे, त्यांना अशीच गाडी हवी होती. त्या पैशातून मंडपाला नवीन लोखंडी सांगाडे येणार होते. गाडी माझ्या नावावर, म्हणून सही माझी लागणार होती. फॉर्म पिशवीत होते. गाडी पसंत पडली की तिथंच सही करायची.

आणि मी ती करणार होते. कारण घरात, भावकीत, गावात सगळ्यांना ठाऊक होतं की गाडी सांभाळायची माझी लायकी नाही.

जुई गाडीत जन्मली. दिवस भरायला अवकाश होता, पण पहाटे कळा सुरू झाल्या. सुहासनं गाडी काढली तर बॅटरी तळाला. गाडी रात्रभर चार्जिंगला लागलीच नव्हती. तरी आम्ही निघालो. उसाच्या फडांच्या मध्ये, कुठलंही घर दिसत नाही अशा ठिकाणी ती थांबली. ऊसतोडीला निघालेल्या दोन बायकांनी मला मागच्या सीटवर आडवं केलं. त्यांच्या हातात जे होतं ते त्यांनी केलं. जुईचं डोकं आलं आणि खांदा अडकला. त्यांनी ओढली. न ओढती तर ती राहिली नसती, डॉक्टरही तेच म्हणाले. पण ओढण्यात खांद्याच्या शिरा ताणल्या गेल्या. जुईचा उजवा हात अजूनही खांद्याच्या वर जात नाही.

"बाळंतपणात बायका विसराळू होतात," आत्याबाई म्हणाल्या होत्या. माझ्या सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. "लावायला विसरली असेल."

"मी लावली होती, आत्याबाई."

"मग वायर खिळ्याला कशी गं होती?"

होती खरी. सुहासच्या खांद्याला धरून गाडीत चढताना मीच बघितली होती. खिळ्याला टांगलेली, नीट गुंडाळलेली. लावलेली वायर आपोआप जाऊन खिळ्याला बसत नाही. घरात प्रत्येकाला विचारलं. सुहासनं नाही काढली. आत्याबाई विजेला हात लावत नाहीत. भावजी म्हणाले, "मी त्या गाडीच्या वाऱ्याला तरी उभा राहतो का?" मग उरलं कोण? मी. मला स्पष्ट आठवत होतं, पिन आत दाबल्यावर येणारा तो 'टक्' आवाजसुद्धा. पण हळूहळू मीच म्हणायला लागले, तो आदल्या दिवशीचा असेल.

तीन वर्षं मी जुईच्या हाताला तेल लावताना स्वतःला शिव्या घातल्या. तिनं डाव्या हातानं चमचा धरला की मी मान वळवायचे. भावजी ही गोष्ट पाहुण्यांना रंगवून सांगायचे: "आमची पुतणी गाडीत झाली. आईसाहेब चार्जिंग लावायला विसरल्या!" लोक हसायचे. मीही हसायचे.

*

चाळक्यांकडे जेवण झालं. शेठ पन्नाशीचे, अंगात बनियन, हातात अडकित्ता. सारखी सुपारी कातरत बसलेले. गाडीभोवती एक फेरी मारून ते म्हणाले, "हणमंतराव, गाडी देखणी आहे. पण आमचं गिऱ्हाईक घाटावरचं. घाट चढते का ही?"

भावजी हसले. त्यांनी दार उघडून शेठना स्टिअरिंगमागचा आकड्यांचा पडदा दाखवला. "हे बघा. कराडवरून सकाळी निघालोय. आणि अजून एवढं अंतर जाईल असं तीच सांगतेय. आपण सांगायची गरज नाही."

शेठनी चष्मा वर करून आकडा वाचला. "बापरे. निघाल्यापासून खर्चच झाला नाही की हो."

"म्हणून तर म्हणतो."

माझ्या तोंडातलं वाक्य हेच होतं, या आकड्याबद्दल. जो ही गाडी रोज चालवतो त्याला ते माहीत असतं. तो आकडा पुढच्या रस्त्याचा नसतो, मागच्या रस्त्याचा असतो. कुंभार्ली घाट उतरताना गाडीला काही लागत नाही, उलट चाकांतून वीज परत बॅटरीत जाते. मग पडदा खुशीत येऊन मोठे आकडे दाखवतो, जणू पुढेही सगळा उतारच आहे. बॅटरी खरी किती उरलीय ते कोपऱ्यात बारीक असतं. ते पंचवीस टक्क्यांच्याही खाली आलं होतं.

"काय वृषाली, जाईल ना वरपर्यंत?" भावजींनी शेठच्या देखत मला विचारलं. त्यांना उत्तर नको होतं, मान हलवायला हवी होती.

"पडद्यावर दिसतंय की, भावजी," मी म्हटलं.

"बघा. मालकीणबाईच सांगतायत."

घाट चढून दाखवायला निघालो; शेठ पुढे बसले, मी मागे जुईला घेऊन. चाळकेकाकूंनी काजूगरांची पिशवी दिली. मे महिना, दुपारचं ऊन, कोकणातला घाम. भावजींनी एसी पूर्ण सोडला. घाट लागेपर्यंतच त्यांनी गाडी अशी पळवली की शेठनी दोनदा वरची कडी धरली.

"पिकअप बघा शेठ! बटण दाबल्यासारखी जाते."

"जाते हो जाते. माझी सुपारी घशात गेली."

मी जुईचे केस कपाळावरून मागे सारत बसले. माझ्या पायाशी, सीटखाली, ती गुंडाळलेली वायर होती. गाडी वळणावर कलली की ती माझ्या टाचेला लागायची. प्रत्येक वेळी मला वाटायचं, अजून एक वळण.

निम्मा घाटही चढलो नव्हतो. आकडा पडायला लागला. असा की बघावं तेव्हा वेगळा. भावजींनी आधी एसी कमी केला. मग बंद केला. मग काचा खाली केल्या.

"वारा बरा असतो घाटातला," ते म्हणाले.

"असतो," शेठ म्हणाले. "फुकटचा पण असतो."

गाडीचा जोर ओसरला. पडद्यावर पिवळं कासव आलं. बॅटरी संपत आली की ते येतं, आता मी हळूच चालणार असं सांगायला. जुईला तेव्हाच जाग आली.

"आई, कासव!"

"हो बाळा."

"कासव कुठं चाललंय?"

"कुठंच नाही," शेठ म्हणाले. "हणमंतराव, दमली वाटतं."

"ट्रॅफिकमुळं असतं हो असं."

"ट्रॅफिक कुठाय? त्या कठड्यावर वानर बसलंय, त्याचा?"

आणि ती थांबली. एका वळणाच्या आधी, डोंगराकडच्या कडेला. नशीब की तिथं रस्ता जरा रुंद होता. मागून ट्रक येऊन भोंगा वाजवून गेला. भावजींनी बटण दाबलं, परत दाबलं, स्टिअरिंगवर हाताचा तळवा मारला. मग मान वळवून मागे बघितलं, आणि ज्याची मी वाट बघत होते ते वाक्य त्यांच्या तोंडून बाहेर पडलं.

"वृषाली! चार्जिंगला लावायला विसरलीस ना परत?"

मी जुईच्या टाळूवर ओठ टेकवले होते. उचलले नाहीत.

"काय सांगू शेठ तुम्हाला," भावजी शेठकडे वळले. "हिचं हे असंच. हिच्या बाळंतपणातसुद्धा..."

"अहो, थांबा," शेठ म्हणाले. "लावली होती की त्यांनी. तुम्हीच आल्या आल्या काढलीत. मी आत खिडकीशी सुपारी कातरत होतो, दिसलं ना मला. म्हटलं, आमची वीज यांना चालत नाही की काय."

भावजी परत समोर वळले. तीन वर्षांपूर्वी आमच्या अंगणात असा एक सुपारी कातरणारा माणूस नव्हता.

मी खाली वाकले, वायर उचलली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली.

"भावजी, ही कशी गुंडाळलीत?"

"कशी म्हणजे? गुंडाळतात तशी."

"आम्ही गोल गुंडाळतो. सुहास तर गुंडाळतच नाही, टाकून देतो. ही बघा. एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं, आठाच्या आकड्यासारखी. मग शेवटचा वेढा मध्ये आवळून पिन खालून वर ओवलेली."

"दिव्यांच्या माळांची वायर असतेच तशी गुंडाळायची. म्हणजे गुंता होत नाही. आमच्या धंद्यातली सवय आहे."

"हो ना. तुमच्या धंद्यातली." मी म्हटलं. "जुई झाली त्या दिवशी खिळ्याला हीच होती. हाच आठ, हीच ओवलेली पिन. दवाखान्यातून आल्यावर मला ती सोडवता येईना. आत्याबाईंना विचारलं तर म्हणाल्या, तूच बांधली असशील. तेव्हापासून मी विचार करतेय, मला ही गाठ येत नाही, मग मी बांधली कशी?"

भावजींच्या गोडाऊनमध्ये मी कधी गेले नव्हते. त्यांच्या कामाच्या हातांकडे मी आयुष्यात कधी बघितलं नव्हतं. ते पहिल्यांदा बघितलं चाळक्यांच्या खळ्यात, त्या दिवशी दुपारी.

शेठनी अडकित्ता खिशात ठेवला.

"दहा मिनिटांसाठी काढली होती," भावजी म्हणाले. आवाज एकदम बारीक आला. "दुसऱ्या दिवशी ऑर्डर होती. त्या सॉकेटवर माळा लावून बघायच्या होत्या. मग फोन आला, मी गेलो. परत लावायची राहिली. मला काय माहीत तुला पहाटे..."

"ते नव्हतं माहीत. ते मी धरलंही नसतं. पण नंतर तर माहीत होतं ना?"

त्यांच्या घामाचा एक थेंब वायरीवर पडला.

"तुम्ही गोष्ट रंगवून सांगायचात, भावजी. पाहुण्यांना हसवायचात. माझ्या लेकीचा हात वर जात नाही आणि तुम्ही टाळी मागायचात."

"काका रडतात?" जुईनं विचारलं.

"नाही गं. गरम होतंय त्यांना."

"बरं, जे झालं ते झालं," भावजी खाली उतरत म्हणाले. "आता ही इथून हलवायची कशी ते बोल. ढकलू का?"

"ढकलायची नाही. चाकं लॉक झालीत. तिला उचलून न्यायला गाडी येते, कंपनीची. पण त्यांना फोन मालकाच्या नंबरावरूनच लागतो. ओटीपी माझ्या मोबाईलवर येतो."

"मग लाव ना!"

"आधी तुम्ही लावा. घरी. आज रविवार, सुहास घरी आहे, आत्याबाई पण आहेत. स्पीकरवर टाका."

"इथं? रस्त्यात? शेठच्या समोर?"

"मी रस्त्यात बाळंत झाले, भावजी. तुम्हाला रस्त्यात बोलायची लाज वाटते?"

ते घाटाच्या कठड्यापर्यंत गेले, परत आले. वर बघितलं, खाली बघितलं. मी जुईला काजूगर सोलून भरवत बसले. मला कसलीच घाई नव्हती. शेवटी त्यांनी फोन लावला.

"काय दादा, झाला का व्यवहार?" सुहासचा आवाज आला.

"सुहास... जुईच्या वेळी, गाडीची वायर... ती मी काढली होती. हिनं लावली होती. मी काढली."

मग लांबून आत्याबाई: "काय म्हणतोय रे हणमंता?"

"परत सांगा," मी म्हटलं. "आत्याबाईंना ऐकू आलं नाही."

"वृषाली, आता बास..."

"मोठ्यानं सांगा."

त्यांनी सांगितलं. ट्रक जात होता, म्हणून ओरडून सांगावं लागलं. माझ्या कानांनी ते शब्द असे प्याले की आजही चव आहे. पलीकडे भांडं पडल्याचा आवाज झाला आणि फोन कट झाला.

मग मी माझा फोन काढला आणि मदतीची गाडी मागवली. खालून यायला तिला बराच वेळ लागणार होता. तेवढ्यात कराडची एसटी घरघरत वळणावर आली. मी हात केला. शेठनी माझी पिशवी उचलली, जुईला कडेवर घेऊन पायरीवर चढवलं.

"वहिनी, फॉर्म?" त्यांनी हळूच विचारलं.

मी पिशवीतून ते काढून एसटीच्या दारातच उभे-आडवे फाडले. शेठनी मान डोलावली, जणू भाव पटला.

"आणि मी?" भावजी खाली उभे. हातात वायर. "मी काय करू इथं?"

"ती गाडीत ठेवा. सोडू नका, तशीच ठेवा. आणि थांबा. रस्त्याच्या कडेला कसं थांबायचं असतं ते हळूहळू कळतं. ओटीपी मी फोनवर सांगीन. लागला तर."

कंडक्टरनं दोरी ओढली. मागच्या काचेतून बघितलं तर शेठ खाली जाणाऱ्या टेम्पोला हात करत होते, आणि भावजी एकटे, माझ्या बंद गाडीला टेकून. कठड्यावरचं वानर त्यांच्याकडे बघत होतं. त्यांचा पहिला फोन मी उचलला नाही. दुसराही नाही.

*

हे मी गाडीत बसून लिहितेय, दवाखान्याच्या आवारात. लक्ष्मीकाकूंचं मशीन सुरू आहे. तेवढा वेळ माझा असतो. जुईला आता कराडच्या शाळेत घातलंय, शाळा सुटली की ती इकडेच येते, आत्ता मागच्या सीटवर झोपलीय, त्याच सीटवर. आठ वर्षांची झाली. तिचा हात आता कानापर्यंत येतो. वेणीला नाही पोचत, वेणी मी घालते. ते काम कुणी मागितलं तरी मी देणार नाही.

त्या दिवशी मी घरी पोचले तेव्हा आत्याबाई तेलाची वाटी घेऊन उंबऱ्यात बसल्या होत्या. माझ्याकडे बघितलं नाही. जुईला ओढून मांडीवर घेतलं आणि तिचा हात चोळत राहिल्या, किती तरी वेळ. सुहासनं गाडीसाठी वेगळं मीटर घेतलं. दादांना विचारलं नाही. पहिल्यांदाच.

भावजींनी माफी मागितली का, असं मला लोक विचारतात. मागितली. एकदा आत्याबाईंनी मागायला लावली, एकदा सणाला आपणहून. दोन्ही वेळा मी "बरं" म्हटलं. माफ केलं, असं म्हटलं नाही.

गाडीला नवी वायर घेतली. जुनी मी सोडली नाही. भावजींनी चाळक्यांच्या खळ्यात बांधली तशीच आहे: तो आठ, मध्ये आवळलेला वेढा, ओवलेली पिन. सोप्यात मी एक नवा खिळा मारला आणि ती टांगली. पुरुष मंडळी सोप्यात जेवायला बसतात. भावजींची जागा ठरलेली. खिळा बरोबर समोर.

परवा जुईनं वाढता वाढता विचारलं, "आई, ही मोडकी वायर इथं का टांगलीय?"

"मोडकी नाही, बाळा. चांगली आहे."

"मग काढत का नाही?"

भावजींचा घास हातात थांबला.

"काकांना विचार," मी म्हटलं, आणि त्यांच्या पानात आणखी एक भाकरी वाढली.